लिनक्सवरील ‘सार्वत्रिक’ पॅकेज-स्वरूपे : स्नॅप, फ्लॅटपॅक व अ‍ॅपइमेज यांची स्पर्धा आणि महाविद्यालयीन संगणकवापर

सारांश

लिनक्सच्या निरनिराळ्या वितरणांवर एकच आज्ञावली एकाच गठ्ठ्याच्या रूपाने चालावी, या हेतूने स्नॅप, फ्लॅटपॅक व अ‍ॅपइमेज ही तीन स्वरूपे पुढे आली. तिन्हींचा दावा सार्वत्रिकतेचा आहे. तथापि दावेदार तीन असल्यामुळे सार्वत्रिकता हाच वादाचा विषय झाला आहे. प्रस्तुत लेखात या स्वरूपांची उत्पत्ती, कार्यपद्धती आणि त्यांच्यातील मतभेदांचे मूळ स्पष्ट केले आहे. मराठी लेखन-वाचनावर होणारा परिणाम व महाराष्ट्रात विकसित झालेल्या ‘ई-सिम’ या आज्ञावलीचे उदाहरण यांच्या आधारे महाविद्यालयीन प्रयोगशाळांसाठी काही निकष सुचविले आहेत.

बीजसंज्ञा : लिनक्स, मुक्त सॉफ्टवेअर, पॅकेज, लायब्ररी, सॅंडबॉक्स, मराठी संगणन.

१. प्रस्तावना

विंडोज १० या प्रणालीचा नियमित मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतील अनेक जुने संगणक विंडोज ११ च्या किमान अटी पूर्ण करीत नाहीत. असे संगणक मोडीत काढावेत की त्यांवर लिनक्स स्थापित करून त्यांचा उपयोग चालू ठेवावा, हा प्रश्न विनाअनुदानित व ग्रामीण महाविद्यालयांपुढे विशेष तीव्रतेने उभा राहतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रातील छत्रपती संभाजीनगर, जालना, बीड व धाराशिव या चार जिल्ह्यांतील महाविद्यालयेही त्यास अपवाद नाहीत.

लिनक्स स्वीकारल्यानंतर प्राध्यापकांपुढे पहिली अडचण येते ती आज्ञावली स्थापित करण्याची. एकच लिबरऑफिस कोठे ‘डेब’, कोठे ‘स्नॅप’, कोठे ‘फ्लॅटपॅक’, तर कोठे ‘अ‍ॅपइमेज’ या नावाने उपलब्ध असते. यांपैकी कोणते घ्यावे, हा निर्णय वरवर पाहता तांत्रिक वाटतो. परंतु संगणकावर काय चालेल, ते कोण अद्ययावत करील, बिघाड झाल्यास जबाबदार कोण आणि मराठी नीट उमटेल की नाही, हे सारे त्या एका निर्णयावर अवलंबून असते. म्हणूनच हा विषय केवळ संगणकशास्त्र विभागापुरता मर्यादित नाही.

२. पारंपरिक पद्धती आणि तिच्या मर्यादा

लिनक्स हे वस्तुतः प्रणालीच्या गाभ्याचे नाव होय. या गाभ्याभोवती आवश्यक साधने व आज्ञावली यांची जुळणी करून जो संच तयार होतो त्यास ‘वितरण’ म्हणतात. १९९३ मध्ये सुरू झालेल्या डेबियनने ‘डेब’ हे पॅकेज-स्वरूप रूढ केले; रेड हॅटने १९९५ च्या सुमारास ‘आरपीएम’ हे स्वरूप आणले. पुढे उबुंटू, लिनक्स मिंट इत्यादी वितरणांनी डेब, तर फेडोरा, सुसे इत्यादींनी आरपीएम स्वीकारले.

या पद्धतीचे तत्त्व काटकसरीचे आहे. अनेक आज्ञावलींना लागणारी समान कामे ‘लायब्ररी’ नावाच्या सामायिक घटकांत ठेवली जातात. चित्र उघडणे, अक्षर रेखाटणे, जाळ्यावरील संदेश कूटबद्ध करणे या प्रत्येकासाठी एक लायब्ररी असते आणि सर्व आज्ञावली तीच वापरतात. त्यामुळे जागा वाचते. लायब्ररीतील दोष एकदा दुरुस्त केला की सर्वांचे काम होते. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएल या लायब्ररीतील ‘हार्टब्लीड’ हा गंभीर दोष उघडकीस आला, तेव्हा वितरणांनी ते एकच पॅकेज बदलून आपल्या बहुसंख्य वापरकर्त्यांना संरक्षण दिले.

मात्र याच सामायिकतेतून अडचणीही उद्भवतात. एका आज्ञावलीस लायब्ररीची नवी आवृत्ती हवी असते, दुसरीस जुनीच चालते. दोन्ही एकत्र नांदू शकत नाहीत. यास ‘अवलंबित्वाचा गुंता’ म्हणता येईल. दुसरे असे की, स्थिर वितरणांत आज्ञावलींच्या आवृत्त्या प्रकाशनाच्या वेळी गोठविल्या जातात. पाच वर्षे आधार मिळणाऱ्या उबुंटूच्या आवृत्तीत सुरक्षिततेच्या दुरुस्त्या येत राहतात, पण बहुतेक आज्ञावलींची नवी वैशिष्ट्ये येत नाहीत. तिसरी अडचण विकासकाची. प्रत्येक वितरणासाठी आणि त्याच्या प्रत्येक आवृत्तीसाठी वेगळे पॅकेज तयार करणे छोट्या गटास परवडत नाही. लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी २०१४ च्या डेबकॉन्फ परिषदेत नेमकी हीच तक्रार जाहीरपणे मांडली होती. ‘सबसरफेस’ या त्यांच्या आज्ञावलीची विंडोज व मॅक यांसाठी तयार प्रत देणे शक्य होते, पण लिनक्स वितरणांसाठी ते जिकिरीचे ठरत होते.

३. तीन सार्वत्रिक स्वरूपे

या अडचणींवर तीन प्रवाहांनी आपापले उत्तर शोधले. तिन्हींचे समान सूत्र असे की, आज्ञावलीने आपल्याला लागणाऱ्या लायब्ररी शक्यतो स्वतःबरोबर आणाव्यात. वितरणावर विसंबू नये. मात्र ‘स्वतःबरोबर’ म्हणजे किती, आणि आणणारा कोण, यांविषयी त्यांची मते भिन्न आहेत.

३.१ अ‍ॅपइमेज. सायमन पीटर यांनी २००४ मध्ये ‘क्लिक’ या नावाने सुरू केलेला प्रकल्प पुढे अ‍ॅपइमेज म्हणून स्थिरावला. त्याचे तत्त्व ‘एक आज्ञावली म्हणजे एक फाइल’ असे आहे. फाइल उतरवून घ्यावी, तिला चालण्याची अनुमती द्यावी आणि उघडावी. स्थापनेची किंवा प्रशासकाच्या परवलीच्या शब्दाची गरज नाही. नको असल्यास फाइल पुसून टाकावी. प्रवाशाने घरून शिदोरी बांधून घ्यावी तसा हा प्रकार आहे. शिदोरीत काय बांधायचे हे मात्र विकासकाने ठरवायचे असते. प्रणालीची मूलभूत लायब्ररी सहसा गठ्ठ्यात नसते. म्हणून विकासकाला जुन्या वितरणावर गठ्ठा बांधावा लागतो, अन्यथा तो जुन्या संगणकांवर चालत नाही. शिवाय गठ्ठा उघडण्यासाठी ‘फ्यूज’ नावाच्या सोयीची दुसरी आवृत्ती लागत असे. उबुंटू २२.०४ मध्ये ती मूळ स्थापनेतून वगळल्याने अनेक अ‍ॅपइमेज काही न सांगता उघडेनाशा झाल्या. क्रिता, केडेनलाइव्ह, इंकस्केप यांसारख्या नामवंत आज्ञावली या स्वरूपात मिळतात.

३.२ फ्लॅटपॅक. रेड हॅटमधील अलेक्झांडर लार्सन यांनी २००७ पासून या दिशेने प्रयोग केले. त्यांचा ‘एक्सडीजी-अ‍ॅप’ हा प्रकल्प मे २०१६ मध्ये फ्लॅटपॅक या नावाने ओळखला जाऊ लागला. ऑगस्ट २०१८ मध्ये त्याची १.० ही आवृत्ती प्रसिद्ध झाली. येथे मधला मार्ग स्वीकारला आहे. सर्वसामान्य लायब्ररींचा एक पायाभूत संच असतो, त्यास ‘रनटाइम’ म्हणतात. फ्रीडेस्कटॉप, ग्नोम व केडीई यांचे असे संच उपलब्ध आहेत. आज्ञावली आपला संच कोणता ते सांगते आणि उरलेल्या खास लायब्ररी स्वतःबरोबर आणते. एकच संच अनेक आज्ञावली वापरतात; त्यामुळे पहिली आज्ञावली स्थापित करताना शेकडो मेगाबाइट उतरवावे लागले, तरी पुढच्या आज्ञावलींना तुलनेने कमी जागा लागते. प्रत्येक आज्ञावली ‘सॅंडबॉक्स’मध्ये म्हणजे कुंपणाआड चालते. कुंपणाबाहेरील फाइल हवी असल्यास ‘पोर्टल’ नावाच्या मध्यस्थामार्फत वापरकर्त्याने स्वतः ती निवडून द्यावयाची असते. ‘फ्लॅटहब’ हे या स्वरूपाचे मुख्य भांडार होय. परंतु कोणतीही संस्था स्वतःचे भांडार उभारू शकते.

३.३ स्नॅप. उबुंटूची पालक कंपनी कॅनोनिकल हिने मोबाइलसाठी केलेल्या ‘क्लिक’ पॅकेजच्या अनुभवातून हे स्वरूप आकारास आणले. पीटर यांच्या ‘क्लिक’शी याचा केवळ नामसाम्याचा संबंध आहे. डिसेंबर २०१४ मध्ये ते उबुंटू कोअरमधून जाहीर झाले आणि एप्रिल २०१६ मधील उबुंटू १६.०४ पासून सर्वसामान्य संगणकांवर आले. स्नॅप ही संकोचित, केवळ वाचनीय फाइल असते व ती प्रणालीशी जोडून वापरली जाते. तिचे कुंपण प्रामुख्याने ‘अ‍ॅपआर्मर’ या सुरक्षाव्यवस्थेवर उभे आहे. जेथे ही व्यवस्था नाही अशा वितरणांत ते कुंपण पुरते उभे राहत नाही. स्नॅपचा एक विशेष असा की, ते केवळ खिडकीतल्या आज्ञावलींसाठी नाही. सर्व्हरवरील सेवाही त्यातून देता येतात. अद्ययावतीकरण आपोआप होते. त्यासाठी संगणक दिवसातून चार वेळा भांडाराकडे विचारणा करतो.

४. स्पर्धेचे खरे स्वरूप

तांत्रिक भेद पाहता तिन्ही स्वरूपे एकमेकांशेजारी सुखाने नांदू शकतात. एकाच संगणकावर तिन्ही असू शकतात. मग वाद कशाचा? तो मुख्यतः नियंत्रणाचा आहे.

स्नॅपची संगणकावरील बाजू मुक्त आहे, परंतु तिच्या भांडाराचा सर्व्हर कॅनोनिकलच्या ताब्यात असून त्याची संहिता खुली नाही. या मुद्द्यावर लिनक्स मिंटने जून २०२० मधील आपल्या २० व्या आवृत्तीपासून स्नॅपची व्यवस्था मूळ स्थितीत बंद ठेवली. उबुंटू २२.०४ मध्ये फायरफॉक्सचे डेब पॅकेज स्थापित केले तरी प्रत्यक्षात स्नॅपच येऊ लागले. सुरुवातीच्या काळात ते उघडण्यास लागणारा विलंब आणि स्मार्टकार्डसारख्या साधनांशी न होणारी जुळणी यांविषयी बऱ्याच तक्रारी झाल्या. पुढे जानेवारी २०२४ मध्ये मोझिलाने फायरफॉक्सच्या डेब पॅकेजचे स्वतःचे भांडार सर्वांसाठी खुले केले. दरम्यान २०२३ मध्ये कॅनोनिकलने उबुंटूच्या अधिकृत उपवितरणांतून फ्लॅटपॅकची मूळ स्थापना वगळण्याचे ठरविले. ते हवे असणाऱ्याने स्वतः घालावे, अशी ही भूमिका होती.

फ्लॅटपॅकमध्ये भांडार कोणासही उभारता येते. पण म्हणून वाद टळत नाहीत. फेडोरा आपल्या आरपीएमपासून स्वतःची फ्लॅटपॅक पॅकेजे बांधते. व्याख्यानांचे ध्वनिचित्रमुद्रण करणाऱ्या अनेक प्राध्यापकांना परिचित असलेल्या ‘ओबीएस स्टुडिओ’च्या विकासकांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये फेडोराच्या अशा पॅकेजविषयी तीव्र आक्षेप घेतला. ते पॅकेज सदोष असून वापरकर्ते त्यालाच अधिकृत समजून तक्रारी आपल्याकडे आणतात, असे त्यांचे म्हणणे होते. स्वरूप एकच, आज्ञावली एकच, पण बांधणारे हात दोन. या प्रसंगातून मूळ प्रश्न स्पष्ट होतो. पारंपरिक पद्धतीत विकासक व वापरकर्ता यांच्यामध्ये वितरणाचा पॅकेजकार उभा असे. तो आज्ञावली पारखून घेई. सार्वत्रिक स्वरूपांनी हा मध्यस्थ दूर केला. त्याबरोबर विलंब गेला, पण पारखही गेली. ती पारख आता कोणी करावी, हाच या स्पर्धेचा गाभा आहे.

५. सुरक्षिततेचा प्रश्न

‘कुंपणाआड चालते म्हणून सुरक्षित’ हे विधान सावधपणे घ्यावे लागते. फ्लॅटपॅकच्या अनेक आज्ञावली वापरकर्त्याचा संपूर्ण गृहसंचय वाचण्या-लिहिण्याची अनुमती मागतात. अशा वेळी कुंपणाला दार नव्हे, भगदाडच असते. स्नॅपमध्ये ‘क्लासिक’ प्रकारच्या पॅकेजांना कुंपण नसतेच. अ‍ॅपइमेजमध्ये ते मूळ रचनेतच नाही.

दुसरा प्रश्न गठ्ठ्यातील लायब्ररींचा. सप्टेंबर २०२३ मध्ये ‘लिबवेबपी’ या चित्रविषयक लायब्ररीत गंभीर दोष आढळला. जेथे ती सामायिक होती तेथे एका दुरुस्तीने काम भागले. परंतु ज्या आज्ञावलींनी तिची स्वतंत्र प्रत गठ्ठ्यात बांधली होती त्या प्रत्येकीची नवी आवृत्ती निघेपर्यंत थांबावे लागले. अ‍ॅपइमेजबाबत तर वापरकर्त्याने स्वतः नवी फाइल आणेपर्यंत जुनी तशीच राहू शकते. स्नॅपचे आपोआप अद्ययावत होणे या दृष्टीने लाभदायक ठरते. मात्र स्नॅपच्या भांडारात आभासी चलनाच्या पाकिटांच्या बनावट आज्ञावली शिरल्याचे आढळल्यानंतर मार्च २०२४ मध्ये कॅनोनिकलला नव्या नावांची नोंदणी माणसांकडून तपासून घेण्याची व्यवस्था करावी लागली. फ्लॅटहबनेही २०२३ पासून अधिकृत विकासकाची ओळख पटविणारे चिन्ह सुरू केले आहे. स्थापनेपूर्वी हे चिन्ह पाहण्याची सवय विद्यार्थ्यांना लावणे अगत्याचे आहे.

६. मराठी लेखन-वाचनाच्या दृष्टीने

सार्वत्रिकतेचा दावा करणाऱ्या स्वरूपाची खरी कसोटी इंग्रजीखेरीज अन्य भाषांत लागते. मराठीपुरते पाहता तीन बाबी विचारात घ्याव्या लागतात.

पहिली बाब टंकाची. रेड हॅटच्या पुणे येथील कार्यालयाने जोपासलेला ‘लोहित देवनागरी’ हा मुक्त टंक अनेक वितरणांत उपलब्ध असतो. मराठी वळणाचा ‘ल’ व ‘श’ नीट उमटण्यासाठी मजकुराची भाषा मराठी असल्याचे आज्ञावलीस कळावे लागते आणि टंकातही तशी सोय असावी लागते. फ्लॅटपॅक व स्नॅप ही दोन्ही स्वरूपे संगणकावरील टंक कुंपणाआडच्या आज्ञावलीस वाचू देतात. म्हणून टंक मूळ प्रणालीत व्यवस्थित स्थापित करणे पुरेसे होते.

दुसरी बाब टंकलेखनाची. पुण्याच्या सी-डॅकच्या प्रयत्नांतून रूढ झालेला व १९९१ च्या भारतीय मानकात समाविष्ट झालेला इनस्क्रिप्ट कळफलक लिनक्सवर बहुधा ‘आयबस’ या व्यवस्थेमार्फत वापरला जातो. ही व्यवस्था कुंपणाबाहेर असते आणि आज्ञावली कुंपणाआत. फ्लॅटपॅकमध्ये या दोहोंच्या संवादासाठी पोर्टलची योजना आहे. अ‍ॅपइमेजमध्ये मात्र विकासकाने आयबसशी जोडणारा घटक गठ्ठ्यात घातला नसेल, तर अन्यत्र सुरळीत चालणारे मराठी टंकलेखन त्या एकाच आज्ञावलीत बंद पडते. अशा वेळी दोष कळफलकात शोधून उपयोग होत नाही.

तिसरी बाब भाषांतरित पडद्याची. फ्लॅटपॅक जागा वाचविण्यासाठी प्रणालीच्या भाषेचेच भाषांतर उतरवून घेते. प्रयोगशाळेतील संगणक इंग्रजीत स्थापित केला असेल, तर आज्ञावलीचे मराठी भाषांतर अस्तित्वात असूनही ते संगणकावर येत नाही. फ्लॅटपॅकच्या भाषासूचीत मराठीची भर घातल्यास ते येते. लिबरऑफिसच्या अ‍ॅपइमेजचे ‘बेसिक’, ‘स्टँडर्ड’ व ‘फुल’ असे तीन प्रकार करण्यात आले. त्यांतील बेसिकमध्ये केवळ इंग्रजी, तर स्टँडर्डमध्ये निवडक परदेशी भाषा होत्या. मराठी हवी असल्यास ‘फुल’ हाच प्रकार घ्यावा लागे. स्वयंसेवकांनी वर्षानुवर्षे केलेले भाषांतराचे श्रम वापरकर्त्यापर्यंत पोचतील की नाही, हे अशा लहानशा तपशिलांवर ठरते.

७. महाराष्ट्रातील उदाहरण : ई-सिम

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील ‘फॉसी’ प्रकल्पाने इलेक्ट्रॉनिक मंडलांच्या आरेखनासाठी ‘ई-सिम’ ही मुक्त आज्ञावली विकसित केली आहे. महागड्या परवान्यांची सॉफ्टवेअरे न घेता प्रयोगशाळा चालविता याव्यात, हा या प्रकल्पाचा उद्देश. ई-सिम ही एकसंध आज्ञावली नाही. आरेखनासाठी कायकॅड, अनुकरणासाठी एनजीस्पाइस, अंकीय भागासाठी जीएचडीएल व व्हेरिलेटर अशा स्वतंत्र आज्ञावलींना पायथनने एकत्र ओवून ती सिद्ध झाली आहे. लिनक्सवर ती स्थापित करण्यासाठी एक संहिता चालवावी लागते आणि ती कोणत्या उबुंटू आवृत्त्यांवर चालेल हे विकासकांना नमूद करावे लागते. उबुंटूची नवी आवृत्ती आली की कायकॅडपासून पायथनपर्यंत साऱ्यांच्या आवृत्त्या बदलतात आणि जुळणी पुन्हा तपासावी लागते. दुसऱ्या प्रकरणात वर्णिलेला अवलंबित्वाचा गुंता तो हाच.

मग ई-सिमला कुंपणाआड का बांधू नये? कायकॅड स्वतः फ्लॅटहबवर उपलब्ध आहे, ही गोष्ट आशादायक खरी. परंतु ई-सिम इतर आज्ञावलींना हाक मारते, वर्णनात्मक संहितेचे रूपांतर करून नवे घटक जागच्या जागी तयार करते. एकमेकांपासून अलग राहणे हा कुंपणाचा गुण, तर एकमेकांशी बोलणे ही अशा संयुक्त आज्ञावलीची गरज. एक तर सर्व घटक एकाच मोठ्या गठ्ठ्यात घ्यावे लागतात किंवा कुंपण सैल करावे लागते. यावरून असे दिसते की, सार्वत्रिक स्वरूपे शब्दसंस्कारक, चित्रकला, ध्वनिचित्रफीत यांसारख्या स्वयंपूर्ण आज्ञावलींना सहज मानवतात. अभियांत्रिकी व विज्ञान प्रयोगशाळांतील संयुक्त साधनांना तितकी नाहीत.

८. महाविद्यालयांसाठी काही निकष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निकष सुचविता येतात.

(अ) प्रणालीचा पाया, मुद्रक, टंक, आयबस व प्रयोगशाळेतील संयुक्त साधने वितरणाच्या स्वतःच्या पॅकेजांतून घ्यावीत.

(आ) ज्या आज्ञावलीची नवी आवृत्ती खरोखर आवश्यक आहे, तिच्यापुरतेच सार्वत्रिक स्वरूप निवडावे आणि ते विकासकाने अधिकृतपणे दिलेले आहे याची खात्री करावी.

(इ) जाळ्याचा वेग व मर्यादा लक्षात घ्याव्यात. चाळीस संगणकांनी ऐन प्रात्यक्षिकाच्या तासाला एकच अद्ययावत प्रत स्वतंत्रपणे उतरविणे परवडणारे नाही. स्नॅपची वेळ ठरवून देता येते व अद्ययावतीकरण काही काळ रोखताही येते. फ्लॅटपॅकमध्ये आज्ञावली पेन ड्राइव्हवर भरून दुसऱ्या संगणकावर नेण्याची सोय आहे. अ‍ॅपइमेज तर एक फाइल म्हणून कशीही वाटता येते. परीक्षाकाळात ही सोय विशेष उपयोगी पडते.

(ई) कुंपणामुळे होणारे गैरसमज विद्यार्थ्यांना आधीच समजावून सांगावेत. स्नॅप स्वरूपातील अनेक आज्ञावलींना पेन ड्राइव्ह वाचण्याची अनुमती आपोआप मिळत नाही. ती प्रशासकाने द्यावी लागते. फाइल ‘हरवलेली’ नसते, दिसत नसते एवढेच.

(उ) जुन्या संगणकांवर एका वेळी एकच सार्वत्रिक स्वरूप ठेवावे. तिन्ही एकत्र ठेवल्यास एकाच लायब्ररीच्या अनेक प्रती साठतात. स्नॅप तर मागील आवृत्तीही राखून ठेवते.

(ऊ) मराठी टंकलेखन, टंक व भाषांतर यांची चाचणी एका संगणकावर करूनच ती आज्ञावली सर्व प्रयोगशाळेत न्यावी.

९. समारोप

स्नॅप, फ्लॅटपॅक व अ‍ॅपइमेज यांपैकी कोणते स्वरूप अखेरीस विजयी होईल, या प्रश्नापेक्षा तिन्हींनी घडविलेला बदल अधिक महत्त्वाचा आहे. प्रणाली आणि तिच्यावरील आज्ञावली या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे त्यांनी लिनक्सच्या जगात प्रस्थापित केले. त्यामुळे पाया पाच वर्षे स्थिर ठेवून वरच्या आज्ञावली ताज्या ठेवणे शक्य झाले. अल्प साधनांच्या महाविद्यालयांसाठी हा लाभ मोठा आहे.

परंतु पूर्वी वितरणाचा पॅकेजकार जी पारख करीत असे तिचा काही भार आता वापरणाऱ्यावर, म्हणजे महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेवर आला आहे. तो भार उचलण्यासाठी प्रयोगशाळा सहायकांचे प्रशिक्षण, स्थापित आज्ञावलींची लेखी नोंद आणि मराठीच्या अडचणी विकासकांपर्यंत पोचविण्याची शिस्त आवश्यक आहे. यांतील शेवटची बाब भाषाविभाग व संगणकशास्त्र विभाग यांनी एकत्रितपणे हाती घेण्याजोगी आहे. मराठी भाषकांनी कळविल्याखेरीज मराठीतील उणिवा दूरच्या विकासकांना कळण्याचा दुसरा मार्ग नाही.